‘ख़तफ़ॉल’ : दक्षिण आफ्रिकेच्या इंग्रजीत मुरलेला रागाचा एक शब्द

हायवेल्डवासी

नोकरीनिमित्त जोहान्सबर्गला राहणाऱ्या मराठी माणसाला तिथली इंग्रजी समजायला फारसे कष्ट पडत नाहीत. मात्र त्या इंग्रजीत आफ्रिकान्स भाषेतले कितीतरी शब्द असे मुरलेले आहेत की त्यांच्यापाशी आपण अडखळतो. ‘लेकर’ म्हणजे छान आणि ‘ब्राय’ म्हणजे निखाऱ्यांवर मांस भाजण्याची मेजवानी, हे आठवड्याभरात अंगवळणी पडते, कारण हे शब्द पाहुण्याच्या स्वागताचे आहेत. रागाचे आणि किळसेचे शब्द उशिरा कानावर येतात, कारण नवख्या माणसासमोर कोणीही आधी स्वतःला आवरून धरतो. अशाच एका शब्दाविषयी मला सविस्तर लिहायचे आहे आणि आपली मतेही हवी आहेत.

तो शब्द रोमन लिपीत जी-ए-टी-व्ही-ओ-एल असा लिहितात आणि त्याचा उच्चार साधारण ‘ख़तफ़ॉल’ असा होतो. त्याचे दोन तुकडे आहेत. पहिल्याचा अर्थ भोक किंवा खड्डा, आणि बोलीभाषेत सरळसरळ ढुंगण. दुसऱ्याचा अर्थ भरलेले. म्हणजे शब्दशः पाहिले तर हा शब्द असभ्य आहे, पण व्यवहारात त्याचा अर्थ ‘आता पुरे झाले, यापुढे मला हे सहन होणार नाही’ असा आहे. इंग्रजीतून शिकलेला कारकून, टॅक्सीचालक, शिक्षिका, दुकानदार, असे सगळे तो इंग्रजी वाक्यात जसाच्या तसा बसवतात आणि वृत्तपत्रांच्या मथळ्यांतही तो न बिचकता छापला जातो.

मला या शब्दाचे मोल वाटते ते त्यातल्या रागाच्या जातीमुळे. वाहन परवान्याच्या नूतनीकरणासाठी एका कार्यालयात रांगेत उभा असताना खिडकीमागून ‘सिस्टिम ऑफलाइन आहे’ अशी घोषणा झाली. माझ्या पुढे उभ्या असलेल्या, साठीच्या पुढच्या बाईंनी हातातले कागद एकावर एक नीट जुळवले, ते प्लास्टिकच्या पाकिटात घातले, पाकीट पिशवीत ठेवून पिशवीची चेन लावली आणि मग कोणाकडेही न पाहता त्या म्हणाल्या, ‘नाही, आता मी ख़तफ़ॉल आहे.’ आवाज चढलेला नव्हता आणि हातवारेही नव्हते. त्या कशासाठी किती वेळा आल्या होत्या हे मला ठाऊक नाही, पण त्या एका शब्दात मागच्या सगळ्या खेपा होत्या हे रांगेतल्या प्रत्येकाला कळले आणि दोघा-तिघांनी मान डोलावली.

म्हणजे हा भडकण्याचा शब्द नाही. भडका उडतो आणि विझतो. त्यासाठी आफ्रिकान्समध्ये इतर शब्द आहेत आणि तेही इंग्रजीत आले आहेत. ख़तफ़ॉल माणूस थेंबाथेंबाने भरत आलेला असतो. त्याच्या रागात किळस मिसळलेली असते, आणि थकवाही. इंग्रजीत या अर्थाचे शब्दप्रयोग आहेत, परंतु ते वापरून वापरून इतके गुळगुळीत झाले आहेत की बस चुकली तरी तेच वापरतात आणि संसार मोडला तरी तेच वापरतात. दक्षिण आफ्रिकेतल्या इंग्रजीभाषकाला जेव्हा आपली तक्रार वरवरची नाही हे सांगायचे असते, तेव्हा तो घशातून ख़कार काढून हा उसना शब्द वापरतो, असे माझे निरीक्षण आहे.

आपल्याला हा शब्द, त्याचे भाईबंद किंवा त्याचे मराठी प्रतिशब्द यांविषयी जे काही ठाऊक असेल ते कृपया लिहावे.

नवशिकी

लेख आवडला. मी केपटाउनमधल्या एका कंपनीसाठी पुण्यातून काम करते आणि ईमेलमध्ये हा शब्द वाचला होता, तेव्हा तो मी मनातल्या मनात ‘गॅटव्हॉल’ असा उच्चारत होते. ‘जी’चा ‘ख’ कसा होतो हे कोणी समजावून सांगेल का?

कालव्याकाठी

मी नेदरलँड्समध्ये राहते, म्हणून उच्चारापासून सुरुवात करते. आफ्रिकान्स ही सतराव्या शतकातल्या डच बोलींतून उमललेली भाषा आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीने 1652 मध्ये यान फान रीबेकच्या हाताखाली केपला, म्हणजे आजच्या केपटाउनला, आपले ठाणे वसवले, जहाजांना ताजी भाजी, मांस आणि पाणी मिळावे एवढाच त्यामागचा हेतू होता, आणि त्या ठाण्यात जमलेल्या माणसांच्या तोंडी डच भाषा हळूहळू बदलत गेली. रोमन ‘जी’ हे अक्षर या दोन्ही भाषांत घशाच्या मागच्या भागातून, उर्दूतल्या ‘ख़बर’च्या ख़सारखे उच्चारतात, आणि आफ्रिकान्समध्ये ‘व्ही’चा उच्चार ‘फ’ होतो. म्हणून जी-ए-टी म्हणजे ‘ख़त’ आणि व्ही-ओ-एल म्हणजे ‘फ़ॉल’. धागाकर्त्यांनी घशातल्या ख़काराचा उल्लेख केला तो फार महत्त्वाचा आहे. या शब्दाची अर्धी ताकद त्या खरखरीत आहे. ‘गॅटव्हॉल’ असे मऊ म्हटले तर त्यातला राग निघून जातो.

आता प्रतिमेविषयी. त्रास ‘भरून’ येतो ही कल्पना युरोपातल्या अनेक भाषांत आहे, फक्त शरीरातली जागा प्रत्येकाने वेगळी निवडली आहे. डच माणूस म्हणतो की माझे पोट या गोष्टीने भरले आहे, किंवा ही गोष्ट माझ्या घशातून बाहेर लोंबते आहे. जर्मन माणसाचे नाक भरते, आणि तो अधिक चिडला असेल तर त्याचे थोबाड भरते. फ्रेंचांच्या रांगड्या बोलीत तर नेमके तेच अंग भरते जे आफ्रिकान्समध्ये भरते. इंग्रजीतला रोजचा ‘फेड अप’ हा शब्दप्रयोगही मुळात खाऊन खाऊन भरल्याचाच आहे, फक्त त्यातली प्रतिमा आज कोणाला दिसत नाही. आफ्रिकान्समध्ये याच शब्दाची एक सोज्वळ बहीणही आहे. तिचा उच्चार ‘कीलफ़ॉल’सारखा होतो आणि अर्थ ‘गळ्यापर्यंत भरलेला’ असा आहे. आजीसमोर, चर्चमध्ये किंवा वर्गात ती चालते. परंतु दक्षिण आफ्रिकेच्या इंग्रजीने ही सभ्य बहीण न घेता रांगडी बहीण उचलली, आणि मला ते अगदी स्वाभाविक वाटते, कारण सभ्य शब्दांची इंग्रजीत वानवा नव्हती.

अनुस्वार

मराठी प्रतिशब्दाविषयी लिहितो, कारण हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटला तरी तसा नाही.

‘कंटाळा’ हा शब्द पहिल्याच फेरीत बाद करावा लागतो. कंटाळ्यात राग नसतो. ‘संताप’ आणि ‘चीड’ यांत राग आहे, पण साचलेपण नाही. संताप एका क्षणातही येतो. ‘वैताग’ बराच जवळचा आहे, मात्र वैतागलेला माणूस पुन्हा कामाला लागतो. ‘नाकी नऊ येणे’ आणि ‘जीव मेटाकुटीस येणे’ यांत दमणूक आहे, पण तो दमलेला माणूस अजूनही ओझे उचलतोच आहे; ख़तफ़ॉल माणसाने ते खाली ठेवायचे ठरवलेले असते, असे धागाकर्त्यांच्या वर्णनावरून दिसते.

माझ्या मते सर्वांत जवळचा शब्द ‘वीट येणे’ हा आहे. गोड खाऊन खाऊन गोडाचा वीट येतो, म्हणजे तिथेही आधी भरणे आहे आणि मग तिटकारा आहे. राग आणि किळस यांची सरमिसळ या शब्दात आपोआप होते. ‘उबग’ही तसाच आहे, पण तो आता पुस्तकी वाटतो.

दर्बानकर

अनुस्वार यांच्याशी सहमत होता होता थांबलो. ‘वीट’ हा शब्द अर्थाने बरोबर आहे, परंतु तो फार शांत आहे. ‘मला या सगळ्याचा वीट आला आहे’ असे म्हणणारा माणूस खिडकीशी बसून बाहेर पाहतो आहे असे डोळ्यांसमोर येते. माझ्या आईच्या पिढीच्या बायकांच्या तोंडी ‘भरून पावले!’ असे होते. ‘या घरात मी भरून पावले’ हे वाक्य ज्यांनी ऐकले असेल त्यांना त्यातला सूर सांगायला नको. मुळात हे शब्द पावतीवरचे आहेत, देणे पूर्ण मिळाले असे लिहून देण्याचे. पण संसारात पिचलेल्या बाईने ते उलटे करून वापरले, आणि जे मिळायचे ते सगळे भोग मिळून चुकले, आता हिशेब बंद, असा अर्थ त्यांत भरला. भरणे आहे, साचणे आहे, राग आहे, थकवा आहे आणि शेवटी हात झटकणेही आहे. फक्त शरीराचे ते अंग नाही आणि त्यामुळे असभ्यपणाही नाही.

अनुस्वार

‘भरून पावले’ मला सुचले नव्हते आणि ते ‘वीट येण्या’पेक्षा सरस आहे, हे मान्य. एकच शंका आहे. आपला शब्दप्रयोग बहुधा घरातल्या माणसांविषयी वापरला जातो, तर ख़तफ़ॉल सरकार, रस्ते, वीज, पाणी यांच्याविषयीही वापरतात असे दिसते. सार्वजनिक तक्रारीसाठी ‘आम्ही भरून पावलो’ असे कोणी म्हणते का?

दर्बानकर

म्हणतात. निवडणुकीच्या वेळी गावाकडच्या पारावर मी स्वतः ऐकले आहे, ‘या पक्षाकडून आम्ही भरून पावलो.’ पण ते फलकावर लिहून मोर्चात नेलेले कधी पाहिले नाही. ख़तफ़ॉल मात्र दक्षिण आफ्रिकेत फलकांवर सहज येतो, हा फरक खरा आहे.

सडेतोड

या चर्चेतले शब्दकौतुक वाचून मला एक प्रश्न विचारावासा वाटतो. आफ्रिकान्स ही वर्णभेदी राजवटीची भाषा होती. 1974 च्या फतव्यानुसार कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांत काही विषय आफ्रिकान्समधूनच शिकवण्याची सक्ती झाली आणि 16 जून 1976 रोजी जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या कृष्णवर्णीय वस्तीतली शाळकरी मुले त्याविरुद्ध रस्त्यावर उतरली, तेव्हा पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. हेक्टर पीटरसनचे निष्प्राण शरीर उचलून धावणाऱ्या तरुणाचे छायाचित्र जगाने पाहिले आहे. त्या मुलांच्या हातांतल्या फलकांवर आफ्रिकान्सचा धिक्कार होता. ज्या भाषेने एवढे दुःख दिले, तिचाच रागाचा शब्द त्याच लोकांनी जवळ करावा हे कसे समजून घ्यायचे? की हा शब्द फक्त गोऱ्यांच्या इंग्रजीत आहे?

खेडचा_मुलूख

सडेतोड यांच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो, कारण माझे काही नातलग तीन पिढ्यांपासून केपटाउनचे रहिवासी आहेत. फारशा मराठी माणसांना ठाऊक नसते, पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत रत्नागिरी आणि तेव्हाचा कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, या जिल्ह्यांतले पुष्कळ कोकणी मुसलमान केपटाउनला गेले. दर्बानच्या उसाच्या मळ्यांवर 1860 पासून करारबद्ध मजूर गेले, त्यांच्यापेक्षा हे लोक वेगळे. हे स्वतःचे भाडे भरून गेलेले होते. कोणी दुकानात नोकर राहिले, कोणी भाजी-फळांची गाडी लावली, कोणी मजुरी केली. घरात कोकणी बोली, मशिदीत अरबी, आणि गिऱ्हाइकाशी, शेजाऱ्याशी, गल्लीतल्या पोरांशी आफ्रिकान्स, असा त्यांचा व्यवहार होता.

ही आफ्रिकान्स कोणाची होती हे महत्त्वाचे आहे. डच कंपनीच्या काळात केपला गुलाम म्हणून आणलेली माणसे बंगाल, मलबार, कोरोमंडल, इंडोनेशियाची बेटे, मादागास्कर आणि मोझांबिक इथली होती. त्यांनी, मूळच्या खोईखोई लोकांनी आणि डच वसाहतवाल्यांनी मिळून ही भाषा घडवली. म्हणूनच तिच्यात केळ्याला मलायातला ‘पिसांग’ आहे, ‘पुष्कळ’साठी मलायातून आलेला शब्द आहे आणि लोणच्याला ‘अचार’ आहे. केपच्या मुसलमानांनी तर ही भाषा अरबी लिपीत लिहिली. अबू बक्र एफेंदी यांचा धार्मिक आचारांवरचा तसा ग्रंथ 1877 मध्ये इस्तंबूलला छापला गेला. गोऱ्या राष्ट्रवाद्यांनी 1875 मध्ये पार्लला संस्था काढून आफ्रिकान्सला ‘आपली’ भाषा म्हणून मिरवायला सुरुवात केली आणि 1925 मध्ये ती अधिकृत भाषा झाली, तेव्हा या माणसांचा वाटा पुसून टाकण्यात आला. तो पुसला तरी बोलणारी माणसे तिथेच होती. 2011 च्या जनगणनेत घरी आफ्रिकान्स बोलणाऱ्यांपैकी निम्मे लोक, ज्यांना तिथे ‘कलर्ड’ म्हणतात त्या मिश्रवंशीय समाजाचे होते आणि गोरे त्यांच्यापेक्षा कमी होते.

केपटाउनच्या मधोमध असलेला डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग 11 फेब्रुवारी 1966 रोजी केवळ गोऱ्यांसाठी जाहीर झाला. पुढच्या काही वर्षांत जवळपास 60,000 लोकांना तिथून उठवून केप फ्लॅट्स नावाच्या वाळूच्या, वाऱ्याच्या सपाटीवर नेऊन टाकले. भारतीय वंशाच्या लोकांसाठी रायलंड्ससारख्या वेगळ्या वस्त्या आखल्या. माझ्या आत्याच्या सासूबाई डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये वाढल्या. त्या सुट्टीत खेडला आल्या की कोकणीत बोलत, पण चिडल्या की त्यांच्या तोंडून आफ्रिकान्स येई. एकदा पुऱ्या तळताना सांगत होत्या की घर सोडण्याची नोटीस आली तेव्हा त्यांच्या वडिलांनी दुसऱ्यांदा रंगवलेल्या दाराला कुलूप लावले, किल्ली मागणाऱ्या माणसाच्या हातावर ठेवली आणि ‘ख़तफ़ॉल’ एवढेच म्हटले. वडिलांना त्यांनी त्याआधी असा शब्द उच्चारताना ऐकले नव्हते, असे त्या पुऱ्या उलटता उलटता म्हणाल्या. हा शब्द त्या घराने सरकारकडून उसना घेतलेला नव्हता. तो त्यांच्या गल्लीचा होता.

हायवेल्डवासी

खेडचा_मुलूख, तुमच्या प्रतिसादाने या धाग्याला जे मिळाले ते मला एकट्याने लिहून साधले नसते. मनापासून आभार.

सडेतोड यांच्या प्रश्नात आणखी एक बाजू जोडतो. सोवेटोच्या मुलांनी नाकारली ती फळ्यावरची, परीक्षेतली, हुकमाची आफ्रिकान्स. रस्त्यावरची आफ्रिकान्स जोहान्सबर्गच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत त्याआधीपासून होती. 1955 पासून पाडण्यात आलेल्या सोफियाटाउनमध्ये तरुणांची जी ‘त्सोत्सीताल’ नावाची बोली होती, तिचा पायाच आफ्रिकान्सचा होता. एकच भाषा वर्गात जुलमाची आणि नाक्यावर आपली असू शकते, हे त्या शहरात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. म्हणून हा शब्द गोऱ्यांच्या इंग्रजीपुरता मुळीच मर्यादित नाही. झुलू किंवा सोथो मातृभाषा असलेले माझे सहकारी इंग्रजीत बोलताना तो वापरतात. 2022 च्या जनगणनेनुसार घरी आफ्रिकान्स बोलणारे 10.6 टक्के आहेत आणि घरी इंग्रजी बोलणारे 8.7 टक्के. म्हणजे तिथली इंग्रजी ही बहुतेकांची दुसरी किंवा तिसरी भाषा आहे, आणि अशा इंग्रजीत ज्याला जो शब्द कामाचा वाटतो तो आत येतो.

आणि तुम्ही मांडलेल्या वेदनेविषयी एवढेच म्हणेन की, मला तर जुलूम सोसलेल्यांनीच हा शब्द धरून ठेवावा यात न्याय दिसतो. भरून येण्याइतके ज्यांच्यावर लादले गेले, त्यांचा या शब्दावर पहिला हक्क आहे.

सडेतोड

खेडचा_मुलूख यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. शाळेतली सक्तीची भाषा आणि गल्लीतली भाषा यांतला फरक माझ्या प्रश्नात नव्हता, तो आता स्पष्ट झाला. डिस्ट्रिक्ट सिक्सची ती आठवण इथे लिहिल्याबद्दल आभारी आहे.

कालव्याकाठी

धागाकर्त्यांनी भाईबंद शब्दांविषयी विचारले होते, म्हणून तेही नोंदवते. दक्षिण आफ्रिकेच्या इंग्रजीत रागाचे आणि किळसेचे आफ्रिकान्स शब्द इतके आहेत की त्यांची एक चढती श्रेणी लावता येते.

किळसेचा पहिला उद्गार ‘सिस’. कुजलेले फळ, गलिच्छ बोलणे, लाजिरवाणे वागणे, या सगळ्यांसाठी तो चालतो. आपल्या ‘शी!’शी त्याचे ध्वनिसाम्य पाहून कोणाला नाते जोडावेसे वाटेल, पण तसे नाते नाही. किळस आली की दातांमधून हवा सोडणे हे माणसांच्या अनेक भाषांत घडते.

‘फुटसेक’ हा हाकलण्याचा शब्द. ‘चल पुढे, सांगतोय मी’ अशा अर्थाच्या डच शब्दांचा तो आक्रसलेला अवशेष आहे. तो मुळात कुत्र्याला हाकलण्यासाठी वापरतात, आणि म्हणूनच माणसाला उद्देशून वापरला तर अपमान जिव्हारी लागतो. वर्णभेदाच्या काळात मालकांनी नोकरांना तो उद्देशून वापरला हे विसरता येत नाही. तिथल्या आफ्रिकी भाषांतही तो शिरला आहे आणि आज उलट्या दिशेनेही, म्हणजे सत्तेवरच्या माणसांना उद्देशून, ऐकू येतो.

भडक्याचे शब्द आभाळातून आलेले आहेत. ‘ब्लिक्सम’ म्हणजे वीज आणि ‘डॉनर’ म्हणजे मेघगर्जना. दोन्ही शिव्या म्हणून वापरतात आणि इंग्रजी क्रियापदासारखे चालवून ‘बडवून काढणे’ या अर्थानेही वापरतात. ‘मूर’ हा त्याहून जहाल. त्याच्या मुळाशी आईचा, विशेषतः जनावराच्या आईचा वाचक डच शब्द आहे आणि त्याला गर्भाशयाचा असभ्य अर्थ चिकटला आहे. दक्षिण आफ्रिकेचा माणूस इंग्रजीत बोलतानाही जेव्हा म्हणतो की मी ‘द मूर इन’ आहे, तेव्हा तो संतापाने लाल झालेला असतो. या प्रयोगाचे इंग्रजी रूपही झाले आहे, त्यात ‘मूर’च्या जागी नरक आला (‘द हेल इन’), पण वाक्याची ठेवण आफ्रिकान्सचीच राहिली, म्हणून लंडनच्या इंग्रजीभाषकाला ते वाक्य अपुरे वाटते.

यात ख़तफ़ॉल कुठे बसतो? माझ्या मते तो या श्रेणीत बसतच नाही, तो तिच्या बाजूला उभा आहे. ‘मूर इन’ माणूस समोरच्याला मारेल. ख़तफ़ॉल माणूस राजीनामा देईल, मत बदलेल किंवा मोर्चात जाईल.

दर्बानकर

कालव्याकाठी यांचे शेवटचे वाक्य शब्दशः खरे ठरलेले आहे. केपटाउनमध्ये ‘ख़तफ़ॉल केपटोनियन’ याच नावाची एक चळवळ उभी राहिली. केप फ्लॅट्सवरच्या लोकांची घरांसाठीची वर्षानुवर्षांची प्रतीक्षा, टोळीयुद्धे आणि बेकारी हे तिचे विषय होते. तिचे नेते फादिल अॅडम्स यांनी पुढे पक्ष काढला आणि 2024 च्या निवडणुकीनंतर ते संसदेत पोहोचले. बाहेरच्या प्रांतांतून आलेल्या लोकांविषयीच्या त्या चळवळीच्या भूमिकेवर कडाडून टीका झाली आणि ती टीका मला योग्य वाटते. भरलेल्या माणसाचा राग आपल्याहून दुबळ्याकडे वळवणे सोपे असते. पण नाव म्हणून हाच शब्द निवडला गेला, यावरून त्या वस्त्यांत तो किती खोल गेला आहे ते दिसते.

दुसरा प्रसंग विजेचा. 2022 आणि 2023 मध्ये तिथे भारनियमनाने कळस गाठला. त्याला तिथेही आपल्यासारखेच ‘लोडशेडिंग’ म्हणतात आणि ते टप्प्यांत मोजतात. एकेक टप्पा म्हणजे हजार मेगावॉटची कपात, आणि सहाव्या टप्प्यापर्यंत कित्येकदा मजल गेली. महाराष्ट्रात 2005 नंतरच्या उन्हाळ्यांत ज्यांनी पहाटे उठून पंप चालू केले आहेत, त्यांना वेळापत्रक पाहून स्वयंपाक करणे म्हणजे काय हे सांगायला नको. त्या दोन वर्षांत ख़तफ़ॉल हा शब्द दर्बानमध्येही मी रोज ऐकला, आणि आमच्याकडे तर आफ्रिकान्सभाषक अगदी थोडे आहेत. आमच्या इमारतीतल्या तमिळ वंशाच्या, घरी फक्त इंग्रजी बोलणाऱ्या आजी दुकानदाराला सांगत होत्या की शीतकपाटातले मासे पुन्हा फेकावे लागले आणि आता त्या ख़तफ़ॉल आहेत. त्यांना या शब्दाचा शब्दशः अर्थ विचारला असता तर त्यांनी कानांवर हात ठेवले असते असे मला वाटते, इतका तो अर्थ झिजून गेला आहे.

अनुस्वार

हे झिजणे रोचक आहे, कारण ते सर्वांसाठी सारखे झालेले नसावे. ज्याची मातृभाषा आफ्रिकान्स आहे त्याला ‘ख़त’ हा तुकडा अजून ऐकू येत असणार, आणि इतरांना अखंड शब्दच ऐकू येत असणार. आपल्याकडेही हिंदीतून आलेले काही शब्द मराठी घरांत मुले बिनदिक्कत बोलतात आणि त्यांचा मूळ अर्थ ठाऊक असलेला हिंदीभाषक पाहुणा चमकतो, तसेच हे दिसते. त्यामुळे हा शब्द एकाच कार्यालयात एका टेबलाला सौम्य आणि दुसऱ्या टेबलाला असभ्य वाटत असेल का?

खेडचा_मुलूख

अगदी तसेच आहे. आत्याच्या घरात नातवंडे इंग्रजीतून हा शब्द सर्रास वापरतात आणि कोणी काही म्हणत नाही. तेच वाक्य त्यांनी आफ्रिकान्समध्ये म्हटले तर आत्या डोळे वटारते. केप फ्लॅट्सवरच्या आफ्रिकान्सला ‘काप्स’ म्हणतात. तिला पूर्वी स्वयंपाकघरातली, अशुद्ध भाषा म्हणून हिणवत असत. आता वेस्टर्न केप विद्यापीठाच्या सहभागाने 2021 पासून तिच्या त्रैभाषिक शब्दकोशाचे काम सुरू आहे, आणि ज्या नातवंडांना शाळेत ‘नीट बोला’ असे ऐकावे लागले त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

नवशिकी

सर्वांचे आभार, उच्चार तर आता जमू लागला आहे. शेवटचा व्यावहारिक प्रश्न विचारते. केपटाउनच्या सहकाऱ्यांशी बोलताना मी स्वतः हा शब्द वापरावा का, आणि वापरायचा झाल्यास त्याच्यापुढे इंग्रजीतले कोणते शब्दयोगी अव्यय लावायचे?

हायवेल्डवासी

अव्ययाविषयी लोकांत एकवाक्यता नाही. आफ्रिकान्समध्ये ‘साठी’ या अर्थाचे अव्यय येते, इंग्रजीत मात्र ‘ऑफ’ आणि ‘विथ’ ही दोन्ही मला ऐकू येतात आणि दोन्ही चालतात. बहुतेकदा तर लोक पुढे काहीच लावत नाहीत, कारण कशामुळे हे ऐकणाऱ्याला माहीतच असते.

वापरावा का, याचे माझे उत्तर असे आहे की बोलताना, ओळखीच्या सहकाऱ्याशी आणि दोघांना मिळून जे सोसावे लागते आहे त्याविषयी जरूर वापरावा. लेखी पत्रव्यवहारात, वरिष्ठांना किंवा वयस्क आफ्रिकान्सभाषकांना उद्देशून वापरू नये. तिथे कालव्याकाठी यांनी सांगितलेला ‘गळ्यापर्यंत’वाला शब्द आहेच. आणि एखाद्या व्यक्तीविषयी वापरताना फार जपावे, कारण ‘मी तुझ्यामुळे ख़तफ़ॉल आहे’ हे वाक्य तिथे नाते तोडण्याच्या बेतात असलेला माणूसच बोलतो.

तुम्हाला तो वापरण्यापेक्षा ऐकण्याचे प्रसंग अधिक येतील. सहकाऱ्याने कामाविषयी हा शब्द उच्चारला तर ‘शांत व्हा’ असे म्हणू नका, कारण तो शांतच असतो. ‘कधीपासून?’ असे विचारा आणि हातातले काम थोडा वेळ बाजूला ठेवा, कारण उत्तर बहुधा त्या दिवसाचे नसते. ते मागच्या वर्षापासून सुरू होते.